नवव्या चौकोनात काय बसतं? बुद्धिमत्ता चाचणीतल्या आकृत्यांविषयी

(लालबाग इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. फळ्यावर काढलेल्या आकृत्या शब्दांत सांगितल्या आहेत.)

पंख्याचा आवाज होतोय, मागे ऐकू येतंय ना? येत नसेल तर हात वर करा.

मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. शिष्यवृत्तीच्या मुलांचा जादा तास घ्यायचे, सकाळी सातला. त्या तासाला मुलं एकमेकांना जे विचारायची, ते वाक्य माझ्या कानात अजून आहे. "तुझी बुद्धिमत्ता झाली का? माझी झाली, आता गणित राहिलंय." (हशा) हसू येतं खरं. पण घराघरांत हेच बोलतात. "आमच्या बाळ्याला बुद्धिमत्तेत चौऱ्यांशी पडले." म्हणजे बुद्धिमत्ता हा एक विषय आहे, त्याचं पुस्तक आहे, त्याला धडे आहेत, आणि तो वार्षिक परीक्षेआधी संपवायचा असतो.

आज मला या विषयातल्या आकृत्यांबद्दल बोलायचं आहे. मालिका पूर्ण करा, विसंगत आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, पाण्यातलं प्रतिबिंब, दुमडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल. आपल्यापैकी अर्ध्या लोकांनी हे कधी ना कधी सोडवलेलं आहे. शिष्यवृत्तीला नाही तर पोलीस भरतीला, नाही तर बँकेच्या परीक्षेला. पण एखाद्या नाटकाची किंवा कादंबरीची समीक्षा करावी तशी या आकृत्यांची समीक्षा आपण करत नाही. प्रश्न कुणी घातला, कुणासाठी घातला, त्याच्या पोटात काय गृहीत धरलंय, हे विचारतच नाही. सोडवतो, नाही तर चुकतो. मला ते विचारायचं आहे, कारण मी स्वतः या प्रश्नांच्या नावाने मुलांना चूक-बरोबर दिलेलं आहे, आणि त्यातली एक चूक मला अजून टोचते. तिच्याकडे येतेच.

आधी जरा एक सोडवूया. फळ्यावर तीन गुणिले तीन अशी नऊ घरं काढते. शेवटचं घर रिकामं. प्रत्येक घरात एक मोठा आकार, त्याच्या आत एक रेघ, आणि खाली ठिपके. पहिल्या ओळीत वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. दुसऱ्या ओळीत चौकोन, त्रिकोण, वर्तुळ. तिसऱ्या ओळीत त्रिकोण, वर्तुळ आणि? (श्रोत्यांतून : चौकोन!) बरोबर. आता आतली रेघ बघा. पहिली ओळ : उभी, आडवी, तिरकी. दुसरी : तिरकी, उभी, आडवी. तिसरी : आडवी, तिरकी… (उभी!) आणि ठिपके प्रत्येक ओळीत एक, दोन, तीन. म्हणजे नवव्या घरात चौकोन, आत उभी रेघ, खाली तीन ठिपके. टाळ्या वाजवा स्वतःसाठी.

आता हे करताना डोक्यात काय झालं ते आठवा. पहिल्यांदा नुसता गोंधळ होता. मग तुम्ही चित्राचे तुकडे केलेत. आकार वेगळा, रेघ वेगळी, ठिपके वेगळे. एकेका तुकड्याचा नियम काढलात, आणि पहिल्याचं उत्तर विसरू न देता दुसऱ्याकडे गेलात. अमेरिकेत कार्पेंटर, जस्ट आणि शेल या तिघा संशोधकांनी 1990 साली एक लांबलचक अभ्यास प्रसिद्ध केला, नेमका याच प्रकारच्या कोड्यांवर. सोडवणाऱ्यांचे डोळे कुठून कुठे फिरतात ते नोंदवलं, त्यांना मोठ्याने विचार करायला लावलं, आणि मग दोन संगणक प्रोग्राम लिहिले. एक मध्यम हुशार, एक फार हुशार. त्यांना असं दिसलं की सगळी कोडी मोजून चार-पाच प्रकारच्या नियमांवर उभी आहेत. ओळीत काही बदलत नाही. ओळीत एकेक वाढत जातं. दोन चित्रं मिळून किंवा वजा होऊन तिसरं होतं. तीन गोष्टी आळीपाळीने येतात. एवढंच. कोडं कठीण होतं ते मुख्यतः एकाच वेळी जास्त नियम सांभाळावे लागतात म्हणून. त्यांच्या हुशार प्रोग्रामकडे काय जास्त होतं, तर कामं नीट लावून घेण्याची सोय : आधी हे, मग ते, हे झालं, हे राहिलं.

मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. मी म्हटलं, ही तर रीत झाली! आमची आई एका शेगडीवर चार भांडी फिरवायची तेव्हा हेच करायची.

ही नऊ घरांची कोडी जॉन रेव्हन नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाची. 1938 साली त्याची चाचणी छापून आली. साठ चित्रं, बारा-बाराचे पाच संच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने भरतीच्या जवानांना ती दिली आणि मग ती जगभर गेली. तिचं मोठं आकर्षण काय? शब्द नाहीत. बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसला पहिली चाचणी केली तीत शब्द होते, वस्तूंची नावं होती, वाक्यं होती. ती दुसऱ्या भाषेत न्यायची म्हणजे नुसतं भाषांतर पुरत नाही. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी हा खटाटोप केला. धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने यांची चाचणी नव्याने बसवली. त्यांचं पुस्तक 1940 साली आलं. पुढे नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्स्लर यांची मुलांची चाचणी भारतीय मुलांसाठी बदलून घेतली, 1969 साली. ती आजही आपल्याकडे वापरतात. तीत अर्धा भाग शब्दांचा आणि अर्धा ठोकळे, चित्रं, भुलभुलैये यांचा. रेव्हनला ही सगळी यातायात नको. चित्र ठेवा समोर, बोटाने रिकामी जागा दाखवा, संपलं.

आता एक समीक्षक म्हणून रेव्हनला त्याचं देणं देते, कारण पुढे मी बरंच वाईट बोलणार आहे. ती चाचणी वस्तू म्हणून सुंदर आहे. पहिली चित्रं म्हणजे एखाद्या सतरंजीचा तुकडा कापून काढलाय, तो कुठला ते सांगा, इतकी सोपी. त्यातून मुलाला कळतं की इथे काय चाललंय. मग हळूच एक नियम येतो, मग दोन. म्हणजे चाचणी स्वतःची भाषा स्वतःच शिकवत नेते. चांगल्या लेखकाचं पहिलं प्रकरण असं असतं. आणि ज्या मुलाला समोरच्याची भाषाच येत नाही, त्याच्यासाठी हे केवढं मोठं आहे! मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. गावाहून नुकतं आलेलं पोर, ऐकू न येणारं पोर, त्याला मराठी उताऱ्यावरचे प्रश्न घातले तर ते मुकं होतं. चित्र समोर आल्यावर त्याचा चेहरा बदलतो. हे मी पाहिलेलं आहे, वाचलेलं नाही.

पण शब्द नाहीत म्हणजे भाषा नाही, हे मला मान्य नाही. आणि आता ती माझी चूक सांगते.

वर्गात एक मुलगी होती. घरचे गणपतीच्या कारखान्यात कामाला. तुम्हाला लालबाग-परळमध्ये हे सांगायला नको, जून-जुलैत मांडव पडले की त्या घरातलं कुणी घरी नसतं. विसंगत आकृती ओळखायची होती. चार आकृत्या. तीन आकृत्या चार-चार रेघांच्या होत्या आणि एक पाच रेघांची. उत्तर दुसरी. हिने तिसरी सांगितली. मी म्हटलं, का गं? म्हणाली, "बाई, ही उभी राहणार नाही. बाकीच्या राहतील." मी बघितलं. खरंच. तिसऱ्या आकृतीचा वरचा भाग एका बाजूला झुकलेला होता आणि खाली टेकायला एक टोक. बाकीच्या तिघींना खाली सपाट बूड होतं. मातीची केली असती तर ती एकच पडली असती.

मी तिला चूक दिली. गाईडात उत्तर दोन होतं. आणि वर शहाणपणा म्हणून सांगितलं की "असा विचार करायचा नसतो, रेघा मोजायच्या."

आता नीट बघा काय झालं. तिने नियम काढला नाही असं नाही. नियम काढला, चारही आकृत्यांवर लावून बघितला, तीन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला पडल्या. पद्धत शंभर टक्के बरोबर. फक्त तिने आकृतीत वजन पाहिलं. या कोड्यांच्या जगात वजन नसतं. तिथे तोल नसतो, वरची बाजू खालची बाजू नसते, कागदावरच्या त्रिकोणाचा सामोसा होत नाही. कुठली गोष्ट मोजायची आणि कुठली विसरायची, हा अलिखित करार आहे. आणि तो करार म्हणजेच भाषा.

रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया 1931-32 मध्ये उझबेकिस्तानात गेला होता. गावातल्या शाळा न पाहिलेल्या माणसांना त्याने भूमितीच्या आकृत्या दाखवल्या. वर्तुळाला ती माणसं ताटली म्हणाली, चाळण म्हणाली, चंद्र म्हणाली. थोडंफार शिकलेली तरुण माणसं मात्र वर्तुळाला वर्तुळ म्हणाली. याचा अर्थ पहिल्यांना डोळे नव्हते असा नाही ना? चाळण आणि ताटली यांतला फरक त्यांना लुरियापेक्षा जास्त ठाऊक होता. शाळा काय करते, तर चाळण विसरायला शिकवते. ही फार उपयोगी गोष्ट आहे, मी आयुष्यभर तेच शिकवलं. पण ती शिकवावी लागते. आपोआप डोक्यात उगवत नाही.

म्हणून ज्याने ती शिकली नाही त्याला "मठ्ठ" म्हणायचं, आणि ज्याने घरी चार कोड्यांची पुस्तकं पाहिली त्याला "उपजत हुशार" म्हणायचं, यात काहीतरी मोठी गफलत आहे. जेम्स फ्लिन यांनी 1987 मध्ये चौदा देशांचे आकडे एकत्र करून दाखवलं की पिढीगणिक गुण वाढत चाललेत. आणि सगळ्यात ठळक वाढ कुठे? या शब्द नसलेल्या चित्रांच्या चाचण्यांत. हॉलंडमध्ये सैन्यात जाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलांचे गुण 1952 ते 1982 या तीस वर्षांत बुद्ध्यंकाच्या मापात जवळजवळ वीसने वाढले. तीस वर्षांत मेंदू एवढा बदलतो का? आजोबा सगळे मंद होते का? फ्लिन म्हणतात, नाही. लोकांनी जगाकडे बघायचा चष्मा बदलला. माझ्या शब्दांत सांगायचं तर चाळण विसरणाऱ्यांची संख्या वाढली.

आता लालबागकडे येते, कारण इथे बसून हे सांगताना मला माझे वडील आठवतात. ते गिरणीत साचेखात्यात होते. कापड विणताना काय होतं, ते थोडक्यात. ताण्याचे धागे उभे, बाण्याचा आडवा. आडवा धागा जाताना कुठले उभे वर उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे यावर वीण ठरते. साधं ट्विल घ्या, ज्यात तिरक्या रेघा दिसतात, आपल्या जीनच्या पँटीचं कापड तसंच. त्यात समजा दोन धागे वर, दोन खाली, दोन वर, दोन खाली. पुढच्या ओळीत हेच, पण एक घर सरकून. त्याच्या पुढच्या ओळीत आणखी एक घर सरकून. डिझाइन करणारा माणूस हे चौकटीच्या कागदावर काढतो. घर भरलेलं म्हणजे उभा धागा वर, रिकामं म्हणजे खाली. आता मला सांगा, "चौथी ओळ कशी असेल?" हा शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे की साचेखात्याचा?

जॅकार्डच्या साच्यावर तर जाड पुठ्ठ्याची भोकं पाडलेली पट्टी असते. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. एक भोक चुकलं की नक्षीत फट. वडील लांबून कापड बघून सांगायचे, धागा कुठे चुकलाय ते. ते चौथी शिकलेले. मी एकदा, तेव्हा मी डी.एड. करत होते, त्यांना हौसेने आकृत्यांची मालिका सोडवायला दिली. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, म्हणाले, "हे कशाचं आहे?" मी म्हटलं, कशाचं नाही, नुसत्या आकृत्या आहेत. त्यांनी ते मिटून मला परत दिलं. तेव्हा 1982 चा संप होऊन गेला होता आणि ते घरीच होते. मला तेव्हा वाटलं, त्यांना आलं नाही. आज वाटतं, त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता.

भावुक होऊन हे सांगत नाहीये. याला पुरावा आहे. सर्पेल नावाचे संशोधक झांबियात होते. 1979 साली त्यांनी झांबियातल्या आणि इंग्लंडमधल्या मुलांना नमुने दाखवून तसेच करायला सांगितले. कागद-पेन्सिल दिली तेव्हा इंग्लंडची मुलं पुढे. तारेचे आकार करायला दिले तेव्हा झांबियाची मुलं पुढे, कारण तिथली पोरं तारेच्या गाड्या करून खेळतात. मातीत दोघं सारखीच. नमुना ओळखण्याची कुवत तीच. हातात काय दिलंय त्यावर निकाल फिरला. मग निकालपत्रावर आपण काय लिहिलं असतं? पेन्सिलचा निकाल लिहिला असता, आणि त्याला बुद्धिमत्ता म्हटलं असतं.

तुमच्या खुर्च्यांवर कागद ठेवलेत ते घ्या. मध्ये दुमडा. पुन्हा मध्ये दुमडा. आता चार पदर झाले. जे टोक सगळीकडून बंद आहे, म्हणजे मूळ कागदाचा मध्य, ते कात्रीने तिरकं छाटायचं. कात्र्या दोनच आहेत, फिरवा. उघडायच्या आधी सांगा, काय दिसेल? (गोंधळ. "चार भोकं!" "एकच!" "मध्ये चौकोन!") ते मागे बसलेले दोन मुलगे लगेच "एक, बर्फीसारखं" म्हणाले. काय रे, कुठे शिकलात? … पताका. मंडळाच्या पताका कापतात! (हशा, टाळ्या) बघा. बंद टोक छाटलं तर मध्ये एक भोक, सुटी टोकं छाटली तर चार कोपरे जातात. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत हाच प्रश्नप्रकार असतो. तिथे ऐंशी प्रश्नांपैकी चाळीस मानसिक क्षमतेचे, सगळे आकृत्यांचे. या दोघांना ते कागदावर छापून दिलं असतं, कात्री न देता, दोन तासांच्या घाईत, तर आलं असतं का, मला सांगता येत नाही. कदाचित आलं असतं, कारण हात डोक्यात शिल्लक राहतो. पण त्यांना कुणी सांगायला हवं होतं की बाळांनो, परीक्षेतला तो प्रश्न म्हणजे तुमची पताकाच आहे. आमच्या शिकवण्यात हे वाक्य नव्हतं.

आता दुसरी तक्रार. ही आकृतीच्या तर्काबद्दल आहे. पहिल्या चौकटीत एक ठिपका, दुसरीत दोन, तिसरीत चार. चौथीत किती? (आठ!) का? दुप्पट होतात म्हणून. चालेल. पण मी म्हणते सात. एकाने वाढले, मग दोनाने वाढले, आता तीनाने वाढतील. काय चुकलं माझं? काही नाही. तीन चौकटींवरून दोन्ही नियम सारखेच खरे आहेत. खरं म्हणजे अजून कितीतरी नियम बसतील. मग परीक्षेत एकच उत्तर बरोबर कसं? कारण पर्यायांत सात ठेवलेलाच नसतो. म्हणजे शेवटी सोडवणारा काय ओळखतो, आकृतीचा नियम? की प्रश्न घालणाऱ्याच्या मनातला नियम? अनुभवी मुलं दुसरं करतात, आणि ते लपवतही नाहीत. "बाई, ते असं विचारत नाहीत" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. ते कोण, हे त्या पोराला माहीत नाही, पण त्यांचा स्वभाव त्याला पाठ आहे!

गंमत म्हणजे आपल्या परीक्षा परिषदेने ही अडचण थोडी मान्य केलेली आहे. आठवीच्या शिष्यवृत्तीला वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन अचूक पर्याय असू शकायचे, आणि ते दोन्ही रंगवावे लागायचे. मला वाचल्यावर आनंद झाला होता, म्हटलं आता त्या मुलीचा तोलही चालेल. पण तसं नाही. ती दोन उत्तरंही आधीच ठरलेली. मुलाने तिसरं कारण दिलं तर ते लिहायला जागा कुठे आहे? गोळ्यात कारण मावत नाही.

इथून चालत जाल एवढ्या अंतरावर केईएम आहे. तिथल्यासारख्या मोठ्या रुग्णालयांत मुलांची बुद्ध्यंक चाचणी होते तेव्हा एक प्रशिक्षित माणूस मुलासमोर बसतो. मुलगा ठोकळा कसा उचलतो, कुठे अडतो, चिडतो का, पुन्हा बघतो का, हे त्याला दिसतं. तिथे आकडा येतो, पण आकड्याबरोबर माणूसही येतो. चाचणीची पुस्तिका कुलपात ठेवतात, कुणी आधी पाहू नये म्हणून. आणि आपण काय केलं? तीच जात घेतली, बाजारात गाईड काढलं, प्रत्येक आकृतीला युक्ती लावली, नव्वद मिनिटांत पंचाहत्तर प्रश्न ठेवले. पाचवीच्या परीक्षेत दुसऱ्या पेपरात तीनशेपैकी शंभर गुण बुद्धिमत्तेचे असायचे. भाषेला पन्नास, बुद्धिमत्तेला शंभर! आणि गाईडची छपाई कधी कधी अशी की शाईचा डाग पडलाय की ठिपका आहे हे ओळखणं हीच खरी बुद्धिमत्ता चाचणी. (हशा)

पण थांबा. इथे माझं मत तुम्हाला वाटतंय त्याच्या उलट आहे. माझे काही सहकारी म्हणतात की तयारी करून घेतल्याने चाचणी बाटली, गाईड बंद करा, क्लास बंद करा, मग खरी बुद्धी कळेल. मला हे पटत नाही. गाईड नसतं तेव्हा चाचणी शुद्ध नसते. तेव्हा फक्त तयारी कुणाच्या घरात झाली ते दिसत नाही. ज्याच्या घरी कोड्यांची पुस्तकं, जिगसॉ, बुद्धिबळ, त्याची तयारी चारव्या वर्षीच होते आणि तिला कुणी क्लास म्हणत नाही. गाईडने निदान ही भाषा पन्नास-शंभर रुपयांत रस्त्यावर आणली. चाळीच्या गॅलरीत ट्यूबलाइटखाली बसून ती शिकलेली मुलं मी पाहिली आहेत. परीक्षा म्हणून ती मला चालते. गणितासारखी, व्याकरणासारखी शिकवा, सगळ्यांना शिकवा, पैसे भरणाऱ्यांनाच नाही, आणि मग तपासा. पण शिकवून घेतलेल्या गोष्टीवर "बुद्धिमत्ता" अशी पाटी लावू नका. आकृती-वाचन म्हणा, आकृतिबंध म्हणा, काहीही म्हणा.

हे मान्य करते की या चित्रांतले गुण आणि शाळेतले गुण बरेचदा बरोबरीने चालतात. स्पिअरमन यांनी 1904 पासून हेच मांडलं, आणि तो संबंध खोटा नाही. पण शाळेचं यश ज्या सवयींवर उभं आहे, त्याच सवयी ही चित्रं मागतात. दोन सख्ख्या बहिणींचे चेहरे जुळले तर आपण आश्चर्य करत नाही.

आणि नावाने काय फरक पडतो असं म्हणू नका. गणितात कमी पडले तर पोर म्हणतं, "गणित कठीण गेलं." बुद्धिमत्तेत कमी पडले तर काय म्हणणार? दहा वर्षांच्या मुलाने ते वाक्य पूर्ण करून बघावं असं मला वाटत नाही. मी ते अपुरं सोडलेलं ऐकलं आहे, त्याच सातच्या तासाला.

प्रश्न घ्यायचे आहेत ना? पाच मिनिटं आहेत.

(श्रोता : माझी मुलगी चौथीत आहे. मग क्लासला घालू की नको?)

घाला, परवडत असेल तर. पण घरी एक करा. तिने उत्तर दिलं की आधी बरोबर-चूक बघू नका, "का?" विचारा. आणि तिच्याकडून कोडी तयार करून घ्या. तीन चौकटी तिने काढायच्या, चौथी तुम्ही सोडवायची. पहिल्या आठवड्यात ती तुम्हाला अशी कोडी घालेल की त्यांना उत्तरच नाही. दुसऱ्या आठवड्यात तिला कळेल की प्रश्न घालणाऱ्याला काय लपवावं लागतं.

(श्रोता : त्या मुलीचं पुढे काय झालं?)

कुठली? तोलवाली? शिष्यवृत्ती मिळाली नाही तिला. आता काय करते मला ठाऊक नाही, कुटुंब दिव्याच्या बाजूला राहायला गेलं असं ऐकलं होतं. तो पेपर माझ्याकडे राहिला असता तर आज आणला असता, पण रद्दीत गेला.

त्या कात्र्या तेवढ्या परत द्या, शेजारच्या टेलरच्या आहेत.